तुलना करायचीच, तर हिशेबाने: नव्याने कमावत्या झालेल्यांसाठी

नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली की एक नवाच त्रास सुरू होतो. तोवर सगळे एका पातळीवर असतात. मेस एक, बस एक, महिनाअखेरीला खिसेही सगळ्यांचेच रिकामे. मग कोणाची गाडी येते, कोणाच्या वास्तुशांतीचं आमंत्रण येतं, कोणी सिंगापूरहून फोटो टाकतं, आणि कालपर्यंत बरा वाटणारा आपला पगार एकदम तोकडा वाटायला लागतो. पगार तोच असतो.

हा लेख अशांसाठी आहे. ‘दुसऱ्याकडे बघूच नये’ हा सल्ला इथे मिळणार नाही. मला तो ज्यांनी ज्यांनी दिला, त्या सगळ्यांना शेजारच्या फ्लॅटचा कार्पेट एरिया तोंडपाठ होता. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं, की आपण कुठे आहोत हे जाणून घ्यायची माणसाला ओढच असते, आणि जिथे मोजायला पक्कं साधन नसतं तिथे तो दुसऱ्या माणसांवरून स्वतःला मोजतो. तीही शक्यतो आपल्यासारखीच माणसं निवडून. म्हणून मुकेश अंबानींच्या अँटिलियाने आपली झोप उडत नाही, कॉलेजात शेजारी बसणाऱ्याच्या टू बीएचकेने उडते.

पैशाच्या बाबतीत खरं तर मोजायचं साधन आहे, रुपया. अडचण एवढीच की दुसऱ्याचे रुपये आपल्याला दिसत नाहीत, त्याच्या वस्तू दिसतात. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका अडचणीभोवती आहेत. सोलापूरहून पुण्यात नोकरीला आल्यावर मी स्वतःसाठी एक तक्ता करत गेलो, त्यातून त्या तयार झाल्या.

## आधी जमवून ठेवा

एक रविवार सकाळ काढा. एवढं लागेल:

- वही किंवा स्प्रेडशीट. ॲप नको. ॲपवाल्यांना तुम्हाला काहीतरी विकायचं असतं.
- शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि ऑफर लेटरमधला सीटीसीचा, म्हणजे पॅकेजचा तपशील.
- बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट.
- पीएफचं पासबुक. ईपीएफओच्या संकेतस्थळावर किंवा उमंग ॲपवर मिळतं. जुन्या कंपनीचा पीएफ नव्या खात्यात वळवला नसेल तर तोही शोधा.
- शेअर आणि म्युच्युअल फंड यांचं एकत्रित स्टेटमेंट. पॅनवरून एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडून ईमेलवर येतं.
- प्रत्येक कर्जाचं स्टेटमेंट. त्यात हप्ता नव्हे, ‘शिल्लक मुद्दल’ बघायचं.
- क्रेडिट रिपोर्ट. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून (लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी) वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. विसरलेलं क्रेडिट कार्ड किंवा मित्रासाठी जामीन राहिलेलं कर्ज इथे सापडतं.
- विमा पॉलिसी आणि घरातल्या सोन्याचं वजन.

## पायरी १: आधी स्वतःचा ताळेबंद

एका बाजूला आहे ते, दुसऱ्या बाजूला देणं, आणि खाली वजाबाकी. बस. दुसऱ्याशी तुलना करून अस्वस्थ होणाऱ्या बहुतेकांना स्वतःचा हा एक आकडा माहीत नसतो. म्हणजे दोन्ही बाजू अंदाजाच्याच, आणि त्यावरून मनात निकाल मात्र पक्का लागलेला.

इथे चार ठिकाणी गडबड होते. सोन्याच्या दागिन्यात घडणावळ धरू नका. मोडायला गेल्यावर सराफ ती देत नाही. एलआयसीच्या पॉलिसीवर छापलेली विमा रक्कम ही तुमची शिल्लक नव्हे. आज बंद केली तर हातात येईल ती सरेंडर व्हॅल्यू लिहा, आणि ती बघून धक्का बसला तर बसू द्या. गाडी विकत घेतल्या किमतीला नाही, आज विकली तर येईल त्या किमतीला. आणि गावचं घर, शेत, आईवडिलांचा फ्लॅट यातलं काहीही सात-बाराला किंवा करारनाम्यात तुमचं नाव असल्याशिवाय तुमच्या रकान्यात येत नाही. ‘शेवटी सगळं आपलंच आहे’ हे वाक्य हिशेबात चालत नाही, आणि बहीण असेल तर घरातही चालू नये.

वजाबाकी उणे आली तरी घाबरू नका. शैक्षणिक कर्ज असलेल्याची पहिली काही वर्षं ती उणेच असते.

## पायरी २: कधी टोचतं ते टिपून ठेवा

दोनेक आठवडे एवढंच करा. कोणाबद्दल काही ऐकलं-बघितलं आणि आत टोचलं, की तीन शब्द लिहायचे: कोण, कुठे, कशावरून. ‘निल्या, इन्स्टाग्राम, गाडी.’ ‘मावसबहीण, लग्नात, दागिने.’ त्यावर विचार करायचा नाही, फक्त नोंद.

ही यादी वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. तीत गाडी असते, फ्लॅट असतो, परदेशवारी असते, मुलाची शाळा असते. पीपीएफ कधीच नसतो. कोणाचा टर्म इन्शुरन्स बघून आजवर कोणी जळलेलं नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थतज्ज्ञाने १८९९ मध्येच दिखाऊ खर्चावर बोट ठेवलं होतं: पैसा नुसता असून भागत नाही, तो असल्याचं लोकांना दिसावं लागतं.

याचा एक सुंदर पुरावा नेदरलँड्समधून येतो. तिथे पिनकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. एखाद्या गल्लीचा कोड लागला की तिकीट घेतलेल्या घरांना रोख रक्कम मिळते; खालचा अभ्यास झाला तेव्हा बक्षिसात नवी बीएमडब्ल्यू गाडीही असे. तिकीट न घेतलेल्या शेजाऱ्यांना काहीच नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की विजेत्यांच्या लगत राहणाऱ्या आणि स्वतः काहीही न जिंकलेल्या घरांतही गाड्यांवरचा खर्च वाढला. कॅनडात असंच शोधायला गेलेल्यांना आणखी कडू गोष्ट सापडली: शेजाऱ्याला लागलेली लॉटरी जितकी मोठी, तितकी आसपासच्या घरांत दिवाळखोरीचे अर्ज करणाऱ्यांची संख्या जास्त. त्या दिवाळखोरांकडे काय सापडलं? घरं, गाड्या. दिसणाऱ्या वस्तू.

म्हणून नोंद करताना ‘कशावरून’ हा शब्द चुकवू नका. पुढची पायरी त्यावरच आहे.

## पायरी ३: रकाने आखा, आणि रिकामे ठेवायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

समजा चुलतभावाने वाकडला फ्लॅट घेतला. वय २९. काकूंनी ग्रुपवर फोटो टाकले, आणि तुमच्या आईने ते तुम्हाला वेगळे पाठवले, सोबत काहीही न लिहिता. आता कागद घ्या आणि त्या फ्लॅटची ओळ लिहा.

करारातली किंमत ६५ लाख धरू. त्यात ५० लाख कर्ज, ८.५ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. हप्ता येतो सुमारे ४३,३९० रुपये. कर्जाबाहेरचे १५ लाख स्वतःचे. पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये पुरुषाच्या नावावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ५५ हजार; नोंदणीचे ३० हजार; इमारत बांधकाम चालू असताना घेतला असेल तर ५ टक्के जीएसटी, ३ लाख २५ हजार. म्हणजे फर्निचरचा एक खिळाही ठोकायच्या आधी खिशातून २३ लाख १० हजार गेले.

आता रकाने:

- हे २३ लाख कोणाचे? त्याची बचत, काकांच्या निवृत्तीचे पैसे, विकलेली जमीन, की सासरकडून उसने?
- हप्ता एका पगारातून जातो की दोन?
- शिल्लक मुद्दल किती?
- हप्ते जाऊन हातात सहा महिन्यांचा खर्च उरतो का?
- टर्म इन्शुरन्स आहे का?
- आणखी काही कर्ज? गाडीचं, लग्नाचं, क्रेडिट कार्डाचं?

यातला किती भाग तुम्हाला खरोखर माहीत आहे? बहुतेक वेळा ‘फ्लॅट: आहे’ एवढाच.

शिल्लक मुद्दलाचा रकाना गणिताने भरता येतो, आणि तो भरून बघण्यासारखा आहे. वर धरलेल्या कर्जात पहिल्या तीन वर्षांत बँकेकडे १५ लाख ६२ हजार जातात. त्यात मुद्दल फिटतं साधारण सव्वातीन लाख; उरलेले १२ लाखांच्या वर व्याज. तीन वर्षांनंतरही ४६ लाख ७४ हजार देणं शिल्लकच. ‘त्याचं ६५ लाखांचं घर आहे’ आणि ‘त्याच्या नावावर घर आहे, पण त्यातले पावणेसत्तेचाळीस लाख अजून बँकेचे आहेत’ ही दोन फार वेगळी वाक्यं आहेत. पहिलं आपण ऐकतो. दुसरं फक्त त्याला आणि बँकेला माहीत असतं. एवढंही लक्षात असू द्या, की त्याला राहायला घर मिळालं, भाडं वाचलं, घरमालकाची कटकट गेली. हेही पैशाचंच आहे.

इथला पहिला सापळा: रिकामा रकाना ऐकीव माहितीने भरणे. मावशीला विचारून दोनाचे चार आकडे मिळतात आणि चारही वेगळे असतात.

दुसरा सापळा जास्त वाईट: रकाना आपल्या सोयीने भरणे. ‘अरे, तो तर कर्जात बुडालाय’, ‘बापाच्या जिवावर घेतलंय सगळं.’ घटकाभर बरं वाटतं. पण याला तितकाच पुरावा असतो जितका ‘तो किती पुढे गेला’ याला होता, म्हणजे शून्य. रकाना रिकामा असेल तर तो रिकामाच. माणूस श्रीमंत की कर्जबाजारी, हे ठरवायला तुमच्याकडे माहिती नाही, एवढंच लिहा आणि पान उलटा.

कोणी म्हणेल, मग सगळ्यांचे आकडे उघड झाले की हा प्रश्नच मिटेल. नॉर्वेत ते झालं आहे. तिथे प्रत्येकाच्या कराची नोंद पूर्वीपासून सार्वजनिक होती, पण सरकारी कार्यालयात जाऊन बघावी लागे. २००१ पासून ती घरबसल्या बघायची सोय झाली आणि लोक शेजारी, सहकारी, नातेवाईक यांची उत्पन्नं शोधत बसले. २०२० च्या एका अभ्यासाप्रमाणे त्यानंतर जास्त कमावणारे आणि कमी कमावणारे यांच्या समाधानातली दरी रुंदावली. २०१४ मध्ये नियम बदलला: तुमचं उत्पन्न कोणी बघितलं हे तुम्हाला कळू लागलं. शोधणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली. माणसं सगळीकडे सारखीच, नाही का!

## पायरी ४: एकाच मापाने मोजा

काही तुलना टाळता येत नाहीत. मग निदान माप तरी सारखं असावं.

पॅकेज आणि हातातला पगार. दोन मित्रांचं पॅकेज १२ लाख. दोघांचं बेसिक वर्षाला ६ लाख, आणि दोघांच्याही पॅकेजात सव्वा लाखाच्या आतबाहेर बोनस, जो मिळेल तेव्हा खरा. तो १ लाख २० हजार धरू. ग्रॅच्युइटीपोटी दोघांचे बेसिकच्या ४.८१ टक्के, सुमारे २८,८६० रुपये, पॅकेजात मोजलेले आहेत, जे सहसा पाच वर्षं एकाच ठिकाणी काढल्यावरच हाती येतात. फरक एवढाच, की पहिल्याची कंपनी पूर्ण बेसिकवर १२ टक्के पीएफ भरते, दुसऱ्याची १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० रुपये. तेवढीच रक्कम दोघांच्या पगारातूनही कापली जाते.

२०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करपद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही, त्यामुळे तो बाजूला ठेवू. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. पहिल्याच्या हातात महिन्याला सुमारे ७५,४०० येतात, दुसऱ्याच्या ८३,८००. पहिला दर महिन्याला ८,४०० रुपयांनी हळहळतो. पण त्याच्या पीएफमध्ये दोन्ही बाजू मिळून वर्षाला १ लाख ४४ हजार जातात, दुसऱ्याच्या ४३ हजार २००. फरक १ लाख ८०० रुपये. बाराने भागा: ८,४००. पैसे कुठेही गेलेले नाहीत, वेगळ्या खिशात आहेत. पगाराचे आकडे सांगताना हे कोणी बोलत नाही, कारण कोणी सॅलरी स्लिप दुसऱ्या पानापर्यंत वाचत नाही.

डॉलर. अमेरिकेतल्या भावाचा पगार चालू दराने रुपयांत करणे हा आपला राष्ट्रीय छंद आहे. तो दर त्याने घरी पैसे पाठवले तर लागू. तो तिथे जगतो त्या खर्चाला नाही. जागतिक बँकेच्या २०१७ च्या किंमत-तुलनेत अमेरिकेतल्या एका डॉलरची खरेदी भारतात साधारण २०.६५ रुपयांत होत होती. बाजारात डॉलर त्या वर्षी ६५ च्या आसपास होता. म्हणजे थेट गुणाकाराने त्याचं राहणीमान तिपटीने फुगवून दिसतं. उलट बाजूही आहे. हा आकडा सरासरी टोपलीचा आहे. भाजी, केस कापणं, घरकामाची मदत यात आपण स्वस्त, पण आयफोन, विमानाचं तिकीट, परदेशी शिक्षण यात रुपयाला अशी सवलत नाही. आणि त्याने बचत करून मायदेशी आणलेला डॉलर पूर्ण भावानेच मोजायचा. म्हणून पगाराची नव्हे, बचतीची तुलना करा. ती तो सांगणार नाही. रकाना रिकामा.

परताव्याचे स्क्रीनशॉट. ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत) एका दिवसात ३८ हजार कमावल्याचा स्क्रीनशॉट टाकतो. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या १ कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि खर्चासकट सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. ते ९३ टक्के तुमच्याही ग्रुपवर आहेत. तोट्याचा स्क्रीनशॉट कोणी काढत नाही.

## पायरी ५: कामाची तुलना बाजूला काढा

सगळ्याच तुलना टाकाऊ नसतात, हे मात्र नीट ऐका. ‘मी कोणाशी तुलना करत नाही’ म्हणत एकाच कंपनीत बाजारभावापेक्षा कमी पगारावर वर्षानुवर्षं बसलेले लोक मी बघितलेत. तो साधेपणा नव्हे, नुकसान आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचे पगार एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर खुले झाले तेव्हा चार अर्थतज्ज्ञांनी काही कर्मचाऱ्यांना मुद्दाम ते संकेतस्थळ दाखवलं आणि नंतर प्रश्न विचारले. आपल्या विभागातल्या मधल्या पगाराच्या खाली असलेले नाराज झाले आणि दुसरी नोकरी शोधायच्या विचाराला लागले. वर असलेल्यांना मात्र त्यामुळे काही खास आनंद झाला नाही. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. माझा त्यातून निघालेला नियम सरळ आहे: ज्या तुलनेनंतर तुम्हाला काही करता येतं तीच करा. वर असण्यातून सुख मिळेल या आशेने करू नका. ते तिथे नसतं.

करण्यासारख्या तुलना या:

- त्याच कामाचा, त्याच अनुभवाचा, त्याच शहरातला पगार. ‘तुला किती?’ असं विचारू नका, समोरचा आक्रसतो. ‘आपल्या कामाला चार वर्षांच्या अनुभवावर सध्या काय रेंज चाललीय?’ असं विचारा. नुकतीच नोकरी बदललेल्या दोघा-तिघांना विचारलं की चित्र बरंच स्पष्ट होतं.
- गृहकर्जाचा व्याजदर. नव्या ग्राहकाला मिळणारा दर जुन्या ग्राहकापेक्षा कमी असणं नेहमीचं आहे. मित्राचा दर कळला की आपल्या बँकेत जाऊन दर कमी करून मागा. थोडं शुल्क घेऊन बऱ्याच बँका करतात.
- टर्म आणि आरोग्य विम्याचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, डेकेअरची फी.

फ्लॅट, गाडी, लग्नाचा खर्च, एकूण संपत्ती ही दुसरी यादी. ती ऐकून तुम्हाला उद्या सकाळी करण्यासारखं काहीच नसतं.

## पायरी ६: आपली जागा एकदा आकड्यात बघा

सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत शहरी भारताचा सरासरी माणशी मासिक खर्च ६,९९६ रुपये आला, ग्रामीण ४,१२२. शहरातल्या सर्वांत वरच्या ५ टक्क्यांचा सरासरी माणशी खर्च २०,३१०. चौघांचं कुटुंब असेल तर घरखर्च महिन्याला ८१ हजारांच्या आसपास. पुण्यातल्या बाणेर-औंधमध्ये असा खर्च करणारं कुटुंब स्वतःला अगदी मनापासून मध्यमवर्गीय म्हणवतं, आणि ते खोटंही बोलत नसतं. त्याच्या लिफ्टमध्ये भेटणारे सगळे तसेच असतात. अशा पाहण्यांत अतिश्रीमंत पुरेसे सापडत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. तरीही माप कुठे लागतंय ते कळायला एवढं पुरतं.

याचा उपयोग ‘आपण किती भाग्यवान’ असं स्वतःला बजावायला करू नका. तो डोस दुसऱ्या दिवशी उतरतो.

त्याऐवजी तुमच्या ताळेबंदाला एक रकाना वाढवा: रजा, झोप आणि प्रवासाचा वेळ. सारा सोलनिक आणि डेव्हिड हेमेनवे या संशोधकांनी १९९८ मध्ये लोकांना दोन जगांतून निवड करायला सांगितली. एकात तुम्हाला ५० हजार डॉलर आणि इतरांना २५ हजार. दुसऱ्यात तुम्हाला १ लाख आणि इतरांना २ लाख, वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्याच. जवळपास निम्म्यांनी पहिलं जग निवडलं, म्हणजे इतरांच्या वर राहण्यासाठी निम्मा पैसा सोडून दिला. पण सुट्टीच्या आठवड्यांबद्दल असंच विचारल्यावर बहुतेकांनी इतरांची पर्वा न करता जास्त सुट्टी घेतली. सुट्टीत चढाओढ फारशी नाही, मिळाली तेवढी पूर्ण आपली. हिंजवडीच्या रहदारीत रोज तास-दीड तास घालवणाऱ्याने ऑफिसजवळ भाड्याने राहायचं की लांब फ्लॅट घ्यायचा हे ठरवताना हा रकाना उघडून बघावा.

## पायरी ७: माणसांना तोंड द्या

तक्ता तुमचा झाला. काकांकडे तक्ता नसतो.

‘काय मग, पॅकेज किती?’ याला खरा आकडा सांगितलात तर तो जेवणाची पंगत उठायच्या आत तिसऱ्या घरी पोहोचतो. खोटा सांगितलात तर पुढच्या वर्षी तो लक्षात ठेवावा लागतो. ‘भागतंय काका व्यवस्थित. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का?’ हे दर वेळी चालतं. वडीलधाऱ्यांना आपल्या तब्येतीबद्दल बोलायला आपल्या पगाराबद्दल ऐकण्यापेक्षा जास्त आवडतं, हे मी खात्रीने सांगतो.

आईवडिलांचं मात्र असं टोलवू नका. त्यांची तुलना बहुधा काळजीतून येते: पोराचं बस्तान बसतंय की नाही? त्यांच्यासाठी बस्तान म्हणजे घर, कारण ते डोळ्यांना दिसतं. त्यांना पहिल्या पायरीतला तक्ता समोर बसून दाखवा. पीएफ एवढा, फंडात एवढे, विमा एवढ्याचा. ‘आई, मी घर घेणार नाही असं नाही, पण अजून तीन वर्षं थांबणार आहे, आणि हे त्याचे पैसे साठतायत’ हे वाक्य पुराव्यासकट बोललं की फोटो पाठवणं कमी होतं. बंद होत नाही.

जोडीदार असेल तर टोचण्यांच्या नोंदी दोघांनी वेगवेगळ्या ठेवून एकमेकांना वाचायला द्या. त्याची यादी कॉलेजच्या मित्रांची निघते, तिची बहिणीची आणि ऑफिसातल्या मैत्रिणींची. दोघांची मापं वेगळी, आणि खर्च मात्र दोन्ही मापांनी होत असतो. हे कळल्यावर होणारं भांडण उपयोगाचं असतं.

मोठ्या खरेदीसाठी एक अट लावून घ्या. घर, गाडी किंवा वर्षाच्या पगाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा मोठं काहीही घ्यायचं मनात आलं की नोंदवही उघडायची. मागच्या महिन्याभरात त्याच वस्तूवरून टोचल्याची नोंद असेल, तर टोकन द्यायला आणखी महिनाभर थांबायचं. बिल्डरचा सेल्समन ‘ऑफर रविवारपर्यंतच’ म्हणेल. पुढच्या रविवारी पुन्हा फोन करून बघा.

आणि फोनवर पाच मिनिटांत मंजूर होणारं कर्ज काढून लग्नाचा आहेर, सहल किंवा नवा फोन घ्यायची वेळ आली असेल, तर लेख बाजूला ठेवा आणि आधी घरातल्या एका माणसाला खरी रक्कम सांगा. पैशाच्या विचाराने झोप लागेनाशी झाली असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

## पुन्हा कधी करायचं

ताळेबंद वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये. दर महिन्याला केलात तर शेअर बाजाराच्या चढउतारालाच आपली प्रगती समजू लागाल. ३१ मार्चचे आकडे घ्या, मागच्या वर्षीच्या शेजारी नवा रकाना जोडा, आणि मागच्या वर्षीचे आकडे नंतर सुचलेल्या शहाणपणाने दुरुस्त करू नका. पीएफचं व्याज पासबुकात पुष्कळ उशिरा चढतं. त्यासाठी अडून बसू नका, आहे तो आकडा टाका आणि बाजूला पेन्सिलीने ‘व्याज बाकी’ लिहून ठेवा.